हायकोर्टाचे जज नेमके कधी रिटायर होतात, आणि राखून ठेवलेल्या निकालाचं पुढे काय होतं?

फोंड्याहून एकाने प्रश्न टाकलाय, तो असा: "हायकोर्टाचे जज किती वर्षं खुर्चीवर असतात? आमची सेकंड अपील पर्वरीला आहे, दोन्ही बाजूंचे वकील बोलून झाले, निकाल राखून ठेवलाय, आणि आता ऐकतोय की साहेब जाणार. ते गेले तर सगळं परत पहिल्यापासून? घरी जाऊन त्यांनी निकाल लिहून पाठवला तर चालतो का?"

मी पंचवीस वर्षांच्या वर प्रॅक्टिस करतेय, आधी म्हापसा, मग पणजीत आल्तिन्योला लायसियमच्या जुन्या इमारतीत, आणि २०२१ पासून पर्वरीला, जिथे आता गोव्याचं हायकोर्ट बसतं. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी विचारतंच, त्यामुळे एकदा नीट लिहून टाकते. थोडं लांबेल.

पहिल्यांदा, तुमचा खरा प्रश्न जजच्या वयाचा नाहीच आहे, तुमच्या निकालाचा आहे. पण वयाचं गणित कळल्याशिवाय निकालाचं गणित कळत नाही, म्हणून त्या क्रमाने जाऊया. आणि एक गोष्ट आधीच विचारून घ्या तुमच्या वकिलाला: "साहेब जाणार" म्हणजे नक्की काय? रिटायर होणार, दुसऱ्या राज्यात बदली होणार, सुप्रीम कोर्टात जाणार, की फक्त गोव्याहून मुंबईला जाणार? ह्या चारही गोष्टींना लोक "गेले" एवढंच म्हणतात, आणि तुमच्या केसवर प्रत्येकीचा परिणाम वेगळा असतो.

आता वय. आपल्याकडे हायकोर्टाच्या किंवा सुप्रीम कोर्टाच्या जजला पाच वर्षं, दहा वर्षं अशी टर्म नसतेच. वय असतं. हायकोर्टाला ६२, सुप्रीम कोर्टाला ६५. हायकोर्टाचं राज्यघटनेच्या कलम २१७ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाचं कलम १२४ मध्ये लिहिलेलं आहे. चीफ जस्टिस असले तरी हायकोर्टात ६२ म्हणजे ६२, पदाने वय वाढत नाही. म्हणून "किती वर्षं असतात" ह्याचं उत्तर माणसागणिक बदलतं. वकिलीतून पंचेचाळिसाव्या वर्षी जज झालेल्याला १७ वर्षं मिळतात, आणि खालच्या कोर्टांतून एकेक पायरी चढत सत्तावन्न-अठ्ठावन्नला हायकोर्टात पोचलेल्याला जेमतेम चार-पाच. तोच जज ६२ व्हायच्या आत सुप्रीम कोर्टात गेला तर ६५ पर्यंत राहतो.

हे आकडे आले कुठून तर इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यातून, तिथे फेडरल कोर्टाला ६५ आणि हायकोर्टाला ६० होतं. राज्यघटनेत तेच आलं, आणि १९६३ साली पंधराव्या घटनादुरुस्तीने हायकोर्टाचं ६० चं ६२ झालं. तेव्हापासून तिथेच आहे. २०१० साली हायकोर्टाचंही ६५ करायचं विधेयक लोकसभेत आलं होतं, पण २०१४ ला ती लोकसभा संपली तसं तेही संपलं. त्याआधी २००२ साली घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलैया आयोगाने तर हायकोर्टाला ६५ आणि सुप्रीम कोर्टाला ६८ सुचवलं होतं. म्हणजे चर्चा खूप झालीय, बदल काही झालेला नाही, तेव्हा कोणी सांगितलं की "आता वय वाढतंय, साहेब अजून तीन वर्षं राहणार", तर त्यावर विसंबून राहू नका.

आता नेमका दिवस, कारण इथे लोकांचा हमखास घोळ होतो. सरकारी नोकर महिन्याच्या शेवटच्या तारखेला रिटायर होतो, आपल्या घरात कोणी ना कोणी तसं झालेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं जजचंही तसंच. तसं नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वय पूर्ण झालं असं धरतात आणि तोच शेवटचा दिवस. भूषण गवई साहेबांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, सरन्यायाधीश म्हणून त्यांचा शेवटचा दिवस २३ नोव्हेंबर २०२५. उदय लळित साहेब ९ नोव्हेंबर १९५७ चे, शेवटचा दिवस ८ नोव्हेंबर २०२२. पर्वरीची आपली हायकोर्टाची नवी इमारत ज्यांच्या हस्ते २७ मार्च २०२१ ला उघडली ते शरद बोबडे साहेब २४ एप्रिल १९५६ चे, म्हणजे उद्घाटनानंतर महिनाही व्हायच्या आत, २३ एप्रिलला, ते रिटायर झाले. ही तारीख जजने शपथ घेतली त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असते. लपवाछपवीचं काही नाही, केंद्राच्या न्याय विभागाच्या साइटवर सगळ्या हायकोर्टांच्या जजेसची यादी असते, निवृत्तीच्या तारखेसकट. तुम्ही स्वतः मोबाईलवर बघू शकता, वकिलाला विचारायचीही गरज नाही.

पण कागदावरची तारीख आणि कोर्टात बसायचा शेवटचा दिवस एकच असेल असं नाही. गवई साहेबांचा २३ नोव्हेंबर रविवार होता, त्यामुळे प्रत्यक्षात शेवटचं कोर्ट शुक्रवारी २१ ला. आमच्याकडे मे महिन्याची सुट्टी लागते ती जूनच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे एखाद्या साहेबांचा वाढदिवस मेच्या शेवटी असेल तर त्यांचं रोजचं बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यातच आटोपतं. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीचंही तेच. गोव्यात डिसेंबर तर बघायलाच नको, ३ तारखेला गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, मग १९ चा मुक्तिदिन, मग नाताळ. म्हणून मी अशीलाला निवृत्तीची तारीख सांगतच नाही, कॅलेंडर पुढ्यात ठेवते आणि कामाचे दिवस मोजून दाखवते. आकडा ऐकून माणूस भानावर येतो.

हे वयाचं घड्याळ किती कडक असतं त्याचं आपल्याच हायकोर्टातलं उदाहरण. २०२३ च्या मे महिन्यात रमेश धानुका साहेब मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस झाले. २८ मेला शपथ, ३० मेला रिटायर. तीन दिवस. त्यांच्यासाठी तारीख एक दिवससुद्धा पुढे सरकली नाही, सरकवायची सोयच नाहीये. सुप्रीम कोर्टातही बघा, यशवंतराव चंद्रचूड १९७८ ते १९८५ असे सात वर्षांच्या वर सरन्यायाधीश होते आणि कमल नारायण सिंह १९९१ मध्ये फक्त १७ दिवस. सरन्यायाधीशपदालाही टर्म नाही, सगळ्यात सीनियर जज आधीचे रिटायर झाले की वर येतात आणि स्वतःचे ६५ होईपर्यंत राहतात, त्यामुळे कोणाला किती मिळणार हे त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्यांच्या जन्मतारखेवर ठरतं. सीनियॉरिटीची ही रीत १९७३ ला आणि १९७७ ला मोडली गेली होती, ज्यांना डावललं त्यांनी राजीनामे दिले. त्यानंतर मात्र ती पाळली गेलीय.

आता एवढं सगळं जन्मतारखेवर असेल तर जन्मतारखेवरूनच वाद झाला तर? झालाय. कलकत्ता हायकोर्टाचे जज ज्योती प्रकाश मित्तर. मॅट्रिकच्या रेकॉर्डप्रमाणे जन्म डिसेंबर १९०१ चा, त्यांचं म्हणणं १९०४ चा. तीन वर्षांचा फरक, म्हणजे तीन वर्षांची जजगिरी. ते प्रकरण दोनदा सुप्रीम कोर्टात गेलं, आणि ह्या धामधुमीतच १९६३ च्या त्याच घटनादुरुस्तीने कलम २१७ मध्ये तिसरं पोटकलम आलं, की हायकोर्टाच्या जजच्या वयाचा वाद राष्ट्रपती सरन्यायाधीशांचा सल्ला घेऊन ठरवणार आणि तो निर्णय अंतिम. आपल्या गोवेकरांना ह्यात नवल वाटायला नको. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदणीत एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आणि आजी सांगते ती चवथीच्या आदल्या दिवसाची तिसरीच, असे कागद माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात. साध्या माणसाला त्यासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे आणि कोर्टात खेपा माराव्या लागतात, जजच्या बाबतीत प्रश्न थेट राष्ट्रपतींकडे जातो एवढाच फरक.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा, ॲडिशनल जज. पुष्कळ जज पहिल्यांदा ॲडिशनल म्हणून येतात, कलम २२४ खाली, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, मग त्यांना कायम करतात. त्यांचा अधिकार परमनंट जजइतकाच असतो, त्यांनी दिलेला निकाल तितकाच पक्का. पण कायम झाले नाहीत तर ६२ व्हायच्या खूप आधी जावं लागतं. असं क्वचित होतं पण होतं, नागपूरच्या एका ॲडिशनल जजना आधी एकच वर्ष वाढवून दिलं आणि मग कायम केलं नाही, त्यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला. तेव्हा यादीत नावापुढे ॲडिशनल असं असेल तर ती दुसरी तारीखही बघून ठेवा.

मध्येच जाण्याचे बाकीचे रस्ते पटकन सांगते. राजीनामा, तो राष्ट्रपतींना सहीनिशी लिहून द्यायचा, कोणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा त्या तारखेच्या आत मागे घेता येतो, हे अलाहाबादच्या सतीश चंद्र साहेबांच्या केसमध्ये १९७८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नागपूरला रोहित देव साहेबांनी भर कोर्टात राजीनामा जाहीर केला तेव्हा त्यांच्या बोर्डावरच्या केसेसचे वकील समोरच उभे होते, म्हणजे असंही होऊ शकतं. दुसरा रस्ता संसदेने काढून टाकण्याचा. त्याला आधी लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० खासदार सहीला लागतात, मग तीन जणांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश मतांनी आणि एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतांनी ठराव. १९९३ ला व्ही. रामस्वामींविरुद्धचा ठराव लोकसभेत पडला, विरोधात एकही मत नव्हतं पण २०५ जणांनी मतच दिलं नाही. २०११ ला सौमित्र सेन ह्यांच्याविरुद्ध राज्यसभेत ठराव पास झाला, लोकसभेत यायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. हा रस्ता इतका अवघड मुद्दामच ठेवलाय. एखाद्या निकालावर नाराज झालेल्या सरकारला जजची खुर्ची काढता येऊ नये, आणि त्याच कारणाने खूश झालेल्या सरकारला ती वाढवून देता येऊ नये. एक वर्ष एक्स्टेन्शन मिळतं का बघूया म्हणून जज मंत्रालयाकडे डोळे लावून बसलेत हे चित्र मला तरी नको. सरकारविरुद्धच्या किती केसेस आपण पर्वरीला चालवतो, खाणींच्या, जमीन रूपांतराच्या, पंचायतींच्या. तिथे बसलेल्या माणसाला आपली शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असणं आणि ती कोणालाच हलवता न येणं ही आपल्यासारख्यांच्या कामाची गोष्ट आहे, जरी त्यापायी कधी कधी आपलीच केस मध्ये लटकली तरी.

थोडक्यात इथपर्यंतचं: हायकोर्ट ६२, सुप्रीम कोर्ट ६५, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शेवट, मुदतवाढ नाही, ॲडिशनल असतील तर वेगळी तारीख. आता तुमच्या निकालाकडे येते, आणि इथे जरा थांबणार आहे.

जजने निकाल लिहिला, सही केली, म्हणजे निकाल झाला असं लोकांना वाटतं. कायद्यात निकाल होतो तो उघड्या कोर्टात सांगितल्यावर. तोपर्यंत तो मसुदा. ह्याचं सगळ्यात जुनं आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण लखनौचं आहे. १९५२ साली अलाहाबाद हायकोर्टाच्या लखनौ बेंचवर दोन जजेसनी खुनाच्या केसची अपील ऐकली, निकाल राखून ठेवला. त्यातले भार्गव साहेब अलाहाबादला गेले, तिथून दोघांच्या वतीने निकाल लिहिला, पानापानावर सही केली आणि किदवई साहेबांकडे लखनौला पाठवला. २४ डिसेंबरला भार्गव साहेब वारले. ५ जानेवारी १९५३ ला किदवई साहेबांनी तो निकाल कोर्टात वाचला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं हा निकालच नाही, अपील परत ऐका. कारण सांगितल्या क्षणापर्यंत जजला आपलं मत बदलायची मोकळीक असते, आणि जो माणूस त्या क्षणी जजच नाही त्याचं मत आपण पक्कं धरू शकत नाही. सुरेंद्र सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, ही केस आम्ही अजून दाखवतो.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, घरी जाऊन लिहिलेला निकाल चालत नाही. आणि उलटी बाजूही आहे, कोर्टात फक्त "अपील मंजूर" एवढी एक ओळ सांगितली आणि कारणं नंतर घरून लिहिली तर? मद्रास हायकोर्टात तसं झालं. १७ एप्रिल २०१७ ला एका ओळीत निकाल, २६ मेला जज रिटायर, आणि अडीचशेच्या वर पानांचा सविस्तर निकाल बाहेर आला ऑक्टोबरमध्ये. २०२४ साली सुप्रीम कोर्टाने तो रद्द करून केस परत हायकोर्टात पाठवली, आणि पद सोडल्यावर पाच महिने फाइल स्वतःकडे ठेवणं अत्यंत अनुचित आहे असं स्पष्ट म्हटलं. तेव्हा तुमच्या बाजूने एक ओळ ऐकली म्हणून पेढे वाटू नका, कारणांसकट ऑर्डर अपलोड झालीय का बघा.

मग व्यवहारात काय होतं? बहुतेक वेळा जज जायच्या आधी राखून ठेवलेलं सगळं संपवतात. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या बोर्डावर वरच्या बाजूला "फॉर प्रोनाउन्समेंट" (निकाल सांगण्यासाठी) खाली नंबरच्या नंबर येतात, स्टेनो रात्री उशिरापर्यंत बसलेले असतात, नवीन लांब मॅटर ते घेतच नाहीत, शिरस्तेदार आधीच सांगतो की साहेब आता पार्ट-हर्ड (अर्धवट ऐकलेली केस) ठेवणार नाहीत. त्यामुळे "जाणार" ऐकून लगेच धीर सोडायचं कारण नाही. काही वेळा जज शेवटच्या आठवड्यात सांगतात की हे मॅटर मी रिलीज करतोय, म्हणजे ते दुसऱ्या जजकडे जाणार आणि युक्तिवाद परत करावे लागणार. ते ऐकायला वाईट वाटतं, पण घाईत उरकलेल्या निकालापेक्षा ते बरं, असं मी अशीलांना मनापासून सांगते.

आणि हातावर हात धरून बसायची गरज नाही. २००१ च्या अनिल राय केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, राखून ठेवलेला निकाल तीन महिन्यांत आला नाही तर कोणतीही बाजू लवकर निकाल द्या म्हणून अर्ज करू शकते, आणि सहा महिने झाले तर केस दुसऱ्या बेंचकडे द्या म्हणून चीफ जस्टिसना अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्याचा पुनरुच्चार केला आणि तीन महिन्यांत न आलेल्या निकालांची यादी रजिस्ट्रार जनरलने चीफ जस्टिसांपुढे ठेवायची असं सांगितलं. अर्ज केला तर साहेब चिडतील आणि केस हरू, ही भीती पुष्कळांना असते. माझ्या अनुभवात सभ्य भाषेतल्या प्रेसिपीवर, म्हणजे केस बोर्डावर घ्या अशा छोट्या लेखी अर्जावर, एकही जज चिडलेला मी बघितला नाही. चार ओळी पुरतात: अमुक तारखेला निकाल राखून ठेवला, एवढा काळ झाला, माननीय न्यायमूर्ती अमुक तारखेला निवृत्त होत आहेत, तरी प्रकरण निकालासाठी बोर्डावर घ्यावं. बस.

आता गोव्याची खास गोष्ट. आपलं हायकोर्ट वेगळं नाही, मुंबई हायकोर्टच आहे. १९८२ च्या ऑक्टोबरपर्यंत इथे ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं, त्यानंतर मुंबई हायकोर्टाचा अधिकार गोव्यावर आला आणि इथे बेंच बसलं. त्यामुळे पर्वरीला कोण बसणार हे चीफ जस्टिस सिटिंग लिस्टने ठरवतात, काही महिने एक साहेब इथे, मग ते मुंबईला किंवा नागपूरला, दुसरे इथे. "साहेब गेले" ह्यातले निम्मे किस्से हे सिटिंग बदलल्याचेच असतात! तसं असेल तर चिंता कमी, कारण ते अजून त्याच हायकोर्टाचे जज आहेत, राखून ठेवलेला निकाल ते तिथून देऊ शकतात, आजकाल व्हिडिओवरून सांगतात. पण दुसऱ्या हायकोर्टात बदली झाली किंवा सुप्रीम कोर्टात गेले तर इथलं पद त्या क्षणी सुटतं, मग रिटायरमेंटसारखंच. डबल बेंच (दोन जज मिळून ऐकणारं) असेल आणि दोघांपैकी एकच गेला तरी उरलेल्या एकट्याला निकाल देता येत नाही.

माझ्याकडे डिचोलीचे एक म्हातारे काका होते, बागायतीच्या हद्दीचा वाद, वडिलांच्या काळापासूनचा. कापडी पिशवीत पोर्तुगीज काळातलं खरेदीखत, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं, प्रत्येक तारखेला घेऊन यायचे, मी सांगितलं होतं की ओरिजिनल आणू नका तरी. तीन दिवस आर्ग्युमेंट झाली, पार्ट-हर्ड राहिलं, आणि मधल्या सुट्टीनंतर साहेब बदलले. कॉरिडॉरमध्ये मी त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाये, आतां परत सुरवातीसावन?" मला काय बोलावं सुचेना. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली, लांब मॅटर सुरू करायच्या आधी मी जजची तारीख बघते, आणि युक्तिवादाची लेखी टिपणं, नकाशासकट, तारखांच्या तक्त्यासकट, पहिल्याच दिवशी फाइलला लावते. त्या काकांच्या केसमध्ये नवीन साहेबांनी ती टिपणं आधी वाचली होती, तीन दिवसांचं काम दीड तासात झालं, निकाल महिनाभरात आला.

म्हणून तुम्हालाही सांगते, परत ऐकायची वेळ आली तरी सेकंड अपील म्हणजे साक्षीदार परत बोलवायचे नसतात, फक्त कायद्याच्या मुद्द्यांवर बोलायचं असतं, रेकॉर्ड तेच राहतं. खालच्या कोर्टातही, जिथे जज साधारण ६० ला रिटायर होतात, काही राज्यांत आता ६१ ला, नवीन जज आधीच्याने नोंदवलेला पुरावा पुढे वापरू शकतात आणि आधीच्याने लिहून ठेवलेला पण न सांगितलेला निकालही सांगू शकतात, दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी सोय आहे. एकजण मागे मला म्हणाला की मग हायकोर्टातही तेच लागू, तर ते तसं सरसकट धरू नका, वरची लखनौची केस डोळ्यांसमोर ठेवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं वय एकच असावं, दोन्हीकडे ६५. ६० ओलांडलेला चांगला जज, कामाची पकड बसलेला, तो दिल्लीला बोलावणं येतंय का ह्या वाटेकडे बघतोय आणि आपण त्याच्या जागी नवीन कोण येतोय ह्याकडे, हे चांगलं नाही. २०२५ ह्या एका वर्षात मुंबई हायकोर्टाने तीन चीफ जस्टिस बघितले, एक दिल्ली हायकोर्टाला गेले, दुसरे काही महिन्यांत सुप्रीम कोर्टात, मग तिसरे. प्रत्येक वेळी सिटिंग बदलतं, आणि पर्वरीतल्या एखाद्या म्हाताऱ्याची पार्ट-हर्ड केस मागे राहते.

रिटायर झालेल्या साहेबांना भेटून काही होईल का, असंही कोणीतरी तुम्हाला सुचवेल. जाऊ नका. त्यांच्या हातात काहीही नसतं, सुप्रीम कोर्टाचे माजी जज तर देशातल्या कुठल्याच कोर्टात वकिली करू शकत नाहीत, आणि हायकोर्टाचे कायम झालेले जज आपल्या जुन्या हायकोर्टात उभे राहू शकत नाहीत. कलम २२४-अ खाली निवृत्त जजना तात्पुरतं परत बसवायची सोय आहे, पण ती जुन्या पडून राहिलेल्या केसेस हलवायला, तुमच्या एका निकालासाठी नव्हे.

तेव्हा आता एवढं करा. निकाल राखून ठेवल्याची ऑर्डर डाऊनलोड करून तिची तारीख बघा, न्याय विभागाच्या यादीत साहेबांची तारीख बघा, मध्ये कुठली सुट्टी येते ते बघा. मधले कामाचे दिवस वीसपेक्षा कमी असतील तर वकिलाला उद्याच प्रेसिपी टाकायला सांगा, तीन महिने व्हायची वाट बघू नका. जास्त असतील तर थांबा. नावं न देता दोन्ही तारखा इथे टाकलीत तर मी मोजून सांगते.